मेडिकलच्या दिवशीची धाव

औंधचे निवृत्त हवालदार हंबीरराव यांची पलटणीतली एक सवय काही सुटली नव्हती. मेडिकल असलं की पहाटे धावायचं. अंगातून घाम निघाला की माणूस तपासायला तयार, असं त्यांचं म्हणणं.

यंदा त्यांच्या डाव्या किडनीत गाठ सापडली. उजवी मुतखड्यानं आधीच अधू झालेली. डावी पूर्ण काढली, तर पुढं डायलिसिसच नशिबी होतं. नुसती गाठ काढून किडनी राखता येईल का, याच घोरात ते सांगलीला डॉक्टर संयोगितांसमोर बसले होते.

डॉक्टरांनी स्कॅन पाहिला, मग रक्ताचा रिपोर्ट. "काका, गाठ किती जहाल असेल याचा थोडा अंदाज साध्या रक्तावरूनही येतो. जहाल असली तर किडनी राखणं अवघड. तुमच्या स्कॅनवरून नक्की सांगता येत नाही, आणि पांढऱ्या पेशींचं प्रमाण मला ठीक वाटत नाही. रक्त दिलं तेव्हा ताप, सर्दी, काही होतं?"

"न्हाई. एकदम फिट," हंबीरराव ताठ बसून म्हणाले.

"फिट तर हुतेच," त्यांच्या पत्नी चंद्राबाई म्हणाल्या. "पहाटं यमाईचा डोंगर पळत चढले, आन् तसंच वडूजला जाऊन रक्त दिलं."

"ते कशाला सांगतीस?"

"आवं, ह्या काय पलटणीत घेनार हायती व्हय तुमास्नी?"

डॉक्टरांना हसू आलं. "इतकं धावल्यावर या पेशी काही तास वाढतात, काका. हा रिपोर्ट धरायचाच नाही. आराम करा आणि पुन्हा रक्त द्या."

आराम करणं हंबीररावांना धावण्यापेक्षा अवघड गेलं. चंद्राबाईंनी त्यांचे बूट ज्वारीच्या कणगीत दडवले.

नव्या रिपोर्टात पेशी ताळ्यावर होत्या, हिमोग्लोबिनही चांगलं. डॉक्टरांनी स्कॅन आणि रक्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवून पुन्हा पाहिलं. "गाठ मवाळ वाटतेय. किडनी राखायचा प्रयत्न करू. खात्री मात्र काढलेली गाठ तपासल्यावरच."

ऑपरेशन झालं. गाठ तेवढी निघाली, किडनी जागेवर राहिली. पुढं तपासणीचा निकाल आला: गाठ खरंच मवाळ, कडाही स्वच्छ, म्हणजे मागं काही उरलं नव्हतं.

जखम भरल्यावर पुढची तपासणी आली. त्या पहाटे हंबीरराव ओट्यावर पाय पोटाशी घेऊन गुमान बसून राहिले. वडूजला रक्त देऊन परतले, तेव्हा चंद्राबाईंनी न मागता बूट पुढ्यात ठेवले. ज्वारीचे दाणे झटकून त्यांनी ते चढवले. दोघं दमानं डोंगर चढली. वर यमाईसमोर हंबीररावांनी हात जोडण्याआधी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.