बुदैयाची मधली रेघ

बहारीनहून परतलेले आम्ही दोघे-तिघे कुठल्या लग्नात भेटलो की पंगत उठते, पण आमच्या कबड्डी टीमचे किस्से काही संपत नाहीत. बायका विचारतात, "तुम्ही तिकडे नोकरीला गेला होतात की खेळायला?" आता काय सांगणार! जिंकलो असतो तर एका वाक्यात आटोपलं असतं. हरणाऱ्या टीमकडे सांगण्यासारखं फार असतं.

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची कंपनी हमद टाउनमध्ये घरं बांधत होती. परबकाका कंपनीच्या बसचे ड्रायव्हर, गाव मालवणजवळ. ती थंडी संपली की ते फायनल एक्झिट घेऊन कायमचे घरी जाणार होते. टीम काढली तीही त्यांनीच.

"एक तरी म्याच जिंकान घराक जातलंय," म्हणायचे. "गाववाले इचारतले, थंय जावन काय केलंस? नुसती बस चलवलंय म्हणान सांगू?"

आम्ही हसायचो. पण ती एक मॅच त्यांना मिळावी असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं.

*

प्रॅक्टिस बसमध्येच. एका राउंडअबाउटपासून पुढच्यापर्यंत एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं. कोणाचा दम तुटायला आला की काका हळूच ॲक्सिलरेटर दाबायचे!

एकदा इंग्रज साइट इंजिनिअर बसमध्ये चढला. मागे अख्खी बस घुमतेय! घाबरून म्हणाला, "व्हॉट इज धिस?"

"मॉर्निंग प्रेअर, सर!" काका म्हणाले.

बिचाऱ्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि साइट येईपर्यंत मान खाली घालून बसला.

*

मॅच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जवळच्या बुदैया गावात, युसुफभाईच्या खजुराच्या बागेत. माती मऊ, म्हणून. युसुफभाई तिथलाच. त्याचे वडील मोत्यांच्या धंद्यासाठी मुंबईला जायचे, त्यामुळे त्याला हिंदी यायचं. रेफरी तोच.

पहिली मॅच पंजाबी वेल्डरांच्या टीमशी. आम्ही जाऊन चौकोन आखला. त्यांनी शेजारी मोठं वर्तुळ आखलं. त्यांच्याकडची कबड्डी वर्तुळातच खेळतात, हे आमच्या गावी नव्हतं!

त्यांचा कॅप्टन गुरबचनसिंग आमच्या चौकोनाकडे बघून म्हणाला, "ये क्या बनाया, कमरा?"

"और आपने क्या, कुआँ?" काका म्हणाले.

शेवटी आमच्या जोशींनी तोड काढली. जोशी पुण्याचे, अकाउंट्समधले. अर्धी मॅच चौकोनात, अर्धी वर्तुळात! दोन्हीकडे न्याय झाला. आम्ही दोन्हीकडे हरलो.

*

याच जोशींची चढाई बघायला लोक मुद्दाम थांबायचे. एकदा छान आत शिरले, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी... एक मिनिट हं, चष्मा!"

दम गेला, आउट! पण समोरच्या आडदांड गड्यांनी आधी चष्मा शोधला, पुसून त्यांच्या नाकावर बसवला आणि मगच जल्लोष केला.

*

युसुफभाई मात्र फार कडक. बरोबरीत चाललेल्या एका मॅचमध्ये मी पकडीतून सुटून मधल्या रेघेवर झेप घेतली. बोट टेकलंच असं मला अजूनही वाटतं. तो मातीत ओणवा झाला.

"नाखून इधर, लाइन उधर. खलास!"

हरलो. मी तोंड फुगवून बसलो, तर हा खजुराचं ताट घेऊन हजर. "खाओ. रूल अलग, खजूर अलग!"

*

मॅचआधी काका नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा! ही पोरां खेळाक उतरली हत, तेंका यश दी रे म्हाराजा!" आम्ही ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" मग नारळ फोडून दोन्ही टीमना खोबरं.

खोबऱ्याच्या ओढीने पंजाबीही शेजारी उभे राहायला लागले. महिन्याभरात आमच्याविरुद्धच्या मॅचआधीही गाऱ्हाण्यात गुरबचनसिंगचा आवाज सगळ्यांत मोठा! जोशी वैतागायचे, "अहो, देवाने नक्की कोणाचं ऐकायचं?"

देव त्यांचंच ऐकत होता. आम्ही सगळ्या टीमकडून हरलो.

*

शेवटची मॅच पुन्हा गुरबचनसिंगच्या टीमशी, आमच्या चौकोनात. पुढच्या शुक्रवारी काकांचं विमान. काकांनी नारळ घेतला आणि यश मागितलंच नाही.

"बा देवा म्हाराजा! ही सगळी पोरां, हयची नि थयची, सुखरूप आपापल्या घराक पोचांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोन्ही टीम एकदम ओरडल्या.

मॅच अशी रंगली की विचारू नका! शेवटपर्यंत बरोबरी. शेवटची चढाई काका स्वतः घेऊन गेले. एकाला शिवून वळले, तोच गुरबचनसिंगने कमरेला मिठी मारली. वर आणखी तिघे पडले. काका पालथे, एक हात पुढे ताणलेला, "कबड्डी... कबड्डी..." आवाज बारीक होत चाललेला. रेघ वीतभर लांब. ओरडून ओरडून आमचे घसे बसले होते.

युसुफभाई जवळ आला. नेहमीसारखा ओणवा झाला, बोट बघितलं, रेघ बघितली. मग उठला, चप्पल काढली, पायाने मधली रेघ पुसली आणि काठीने काकांच्या बोटाखालून नवी ओढली.

"खलास! परब विनर!"

गुरबचनसिंगने काकांची कमर अजून सोडली नव्हती. त्याने नव्या रेघेकडे बघितलं, जुनी होती तिथे बघितलं, आणि तोंडातली माती थुंकून ओरडला,

"व्हय म्हाराजा!"