आमच्या नणंदबाई आणि तांदळाच्या डब्यातला मोबाईल

निपाणीपासून बेळगावपर्यंत शे-दीडशे घरांत जाऊन, तिथं चहा पिऊन, दोन-दोन तास मांडी घालून बसून एकाही पोराला ‘तो मोबाईल आधी खाली ठेव’ असं न म्हटलेली बाई या पृथ्वीवर एकच, आणि ती म्हणजे आमच्या नणंदबाई. माझ्यासारखीला हे पाच मिनिटंसुद्धा जमत नाही. मी तर दुसऱ्याच्या पोरालाही ओरडून मोकळी होते. पण ह्यांचं कामच मुळी ते. घरातली माणसं आणि पोरं मोबाईलशी कशी वागतात हे बघायचं, लिहायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

ह्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. लग्न केलं नाही, पीएच.डी. केली. त्यानंतर ‘पोस्टडॉक’ नावाच्या नोकरीसाठी अर्ज करत राहिल्या. ही नोकरी म्हणजे काय, हे बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या गल्लीला समजावताना माझा जीव मेटाकुटीला आला. ‘डॉक्टर झाल्यावर परत संशोधन करायची नोकरी,’ असं मी सांगितलं, तर समोरच्या काकू हळहळून म्हणाल्या, ‘अगं बाई, नापास झाल्या व्हय?’ नकाराची पत्रं इतकी आली होती की सासूबाई मेल आला म्हटलं की आधी देवाघरी गेलेल्यांची चौकशी करावी तशा आवाजात विचारायच्या, ‘न्हायच म्हणत्यात न्हवं?’ आक्का शांतपणे म्हणायच्या, ‘व्हय. पण लई चांगल्या भाषेत म्हणत्यात.’

त्यांचा पहिला नेम म्हणजे परवानगी. विचारल्याशिवाय कुणाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. त्याच्यासमोरसुद्धा संमतीचा कागद ठेवला. त्यानं सहीच्या जागी मांजर काढलं. पुढच्या आठवड्यात आक्का भर उन्हात निपाणीहून बस धरून आल्या, वही उघडली, आणि हा पठ्ठ्या म्हणाला, ‘आज नको आत्या.’ लगेच वही बंद! मी म्हटलं, ‘अहो आक्का, एवढंसं पोरगं ते, त्याचं काय ऐकता?’ तर म्हणाल्या, ‘मांजर त्यानंच काढलंय न्हवं? मग न्हाय बी त्योच म्हणणार.’ आणि भाकरी खाऊन परत गेल्या.

दुसरा नेम म्हणजे कुणाचं गुपित फोडायचं नाही. एकदा जेवताना त्यांनी एक किस्सा सांगितला. एका घरात शाळेचे निरोप मोबाईलवर कन्नडमधून येतात, आईला कन्नड वाचता येत नाही, म्हणून मुलगाच ते मराठीत करून सांगतो. ‘तुमचा मुलगा गृहपाठ करत नाही’ असा निरोप आला की तो वाचतो, ‘तुमचा मुलगा हुशार आहे, त्याला खेळायला सोडत जा.’ मी हसून हसून लोटपोट झाले. म्हटलं, काय बावळट आई असेल ती! पंधरा दिवसांनी शाळेत बोलावणं आलं तेव्हा कळलं, ती बावळट मीच. माझं माहेर गडहिंग्लज, शाळा मराठी; कन्नड बोलते फाडफाड, पण वाचायची बोंब. मी आक्कांवर अशी भडकले की विचारू नका. ‘घरच्या माणसाला तरी सांगायचं!’ तर म्हणाल्या, ‘मी गोष्ट सांगितली, घर न्हाय सांगितलं. त्याला इचारूनच सांगितली. त्यो म्हणाला, आईला हसू येईल, सांग.’ चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी कन्नड बाराखडीचं पुस्तक आणलं.

पण असल्या सरळ बाईला जगानं सरळ वागवलं तर ना! बेळगावजवळच्या कंग्राळीत पहिल्यांदा गेल्या तेव्हा गावात बातमी पसरली की बेळगावहून कोणी मॅडम मोबाईलची तपासणी करायला येतायत. मग काय, मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी तयारी. अंगण सारवलेलं, पोरांना इस्त्रीचे कपडे, हातात पुस्तकं, आणि कांदेपोहे. मोबाईल म्हणाल तर औषधालाही नाही. आजी म्हणाल्या, ‘आमच्यात न्हाय बाई असलं काय.’ तेवढ्यात तांदळाच्या डब्यातून जोरात गाणं वाजायला लागलं. वाजलं, थांबलं, परत वाजलं. कुणी हललं नाही. आक्काही हलल्या नाहीत. पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाल्या आणि आमच्या घरी आल्या. अशी अकरा घरं झाली. वहीत काय, तर पोहे. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खचलेलं पाहिलं. म्हणाल्या, ‘अगं, माणसं माझ्यासमोर परीक्षेला बसल्यागत बसत्यात. ह्यावर कोण देणार नोकरी?’

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या माळ्यावरून एक जुनं सूप काढलं. सासूबाईंचं. सासूबाईंनी उभा जन्म निपाणीत ते मांडीवर घेऊन विड्या वळल्या, त्यावरच दोन्ही पोरं शिकली. पण खासबागेत राहायला आल्यापासून त्यांनी ते सूप माळ्यावर टाकलं आणि गल्लीत कुणाला काही कळू दिलं नाही. आक्का ते सूप घेऊन निपाणीला विडीवाल्या बायकांच्या गल्लीत गेल्या. कशाला आलेय ते सांगितलं, कागदांवर सह्या घेतल्या, वही पिशवीत टाकली आणि त्यांच्यात बसून विड्या वळायला लागल्या. लहानपणी आईशेजारी बसून शिकलेले हात ते, विसरतात कशाला! वळलेल्या विड्या ज्या बाईचं पान-तंबाखू तिच्याच सुपात. बायका बोलायला लागल्या, आणि आपल्याकडे कुणी बघत नाही म्हटल्यावर पोरंही मोबाईल घेऊन खुशाल मांडीला टेकली. आक्का म्हणायच्या, ‘रिकाम्या हातानं बसलेल्या माणसाचं भ्या वाटतंय गं लोकांस्नी.’ पुढं कंग्राळीतही त्या शेंगा फोडू लागल्या, लसूण सोलू लागल्या, आणि डब्यातले मोबाईल बाहेर आले.

मग परदेशातल्या एका विद्यापीठानं मुलाखतीला बोलावलं. दोन वर्षांचं काम, याच विषयावर. आक्का चाळिशीला आलेल्या. हे हुकलं तर पुन्हा दरवर्षी नव्यानं हात जोडायचे, कॉलेजात तासांच्या हिशोबानं शिकवायचं. मुलाखत मोबाईल-कॉम्प्युटरवरूनच, म्हणून आमच्या घरी. त्या संध्याकाळी मी कुकर लावला नाही, बेल बंद केली, नवऱ्याला खोकायची बंदी केली. दाराआड कान लावून उभी राहिले. पडद्यावर तिघं. एकानं विचारलं, परक्या कुटुंबात तुम्हाला लोक आत कसे घेतात? हे कुठं शिकलात?

आक्का म्हणाल्या, ‘एक मिनिट,’ आणि उठून सरळ स्वयंपाकघरात! नवऱ्यानं कपाळावर हात मारला. सासूबाई भाजी निवडत होत्या.

‘आई, तुझी गोष्ट सांगू त्यास्नी? सुपाची, विड्यांची?’

‘अगं, ह्ये इचाराय उठून आलीस व्हय? ती माणसं तिकडं खोळंबल्यात!’

‘तू न्हाय म्हटलीस तर न्हाय सांगत. दुसरं कायतरी सांगते.’

सासूबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. एवढी वर्षं त्यांनी जे शेजारणीलाही सांगितलं नव्हतं, ते लेक सातासमुद्रापार सांगायला निघाली होती. मी मनात म्हटलं, आता हो म्हणा सासूबाई, पाया पडते.

‘सांग,’ त्या म्हणाल्या. ‘आन् तू त्या वहीत समद्यांची नावं बदलत्यास, तसं माझं बदलू नगं. मी काय चोरी केल्याली न्हाय.’

आक्का गेल्या आणि बोलल्या. मला इंग्रजी निम्मंच कळलं, पण आईचं नाव त्यांनी तीनदा घेतलं ते मी मोजलं. अभिमानानं माझा ऊर असा भरून आला की मी दाराआड नवऱ्याचा दंड गच्च धरला. त्याला वळ उठले.

नोकरी मिळाली. आक्का बॅगेत ते सूप भरायला लागल्या तेव्हा नवरा म्हणाला, ‘आक्का, तिकडं कोण विड्या ओढतंय?’ म्हणाल्या, ‘ओढाय न्हाय रं. बसाय.’ सासूबाईंनी आता सगळ्या गल्लीला सांगितलंय, आमची लेक माझ्या सुपावर परदेशी गेली म्हणून.

आता रविवारी आक्कांचा फोन येतो. माझा मुलगा मोबाईल आजीच्या तोंडासमोर धरून बसतो, तास-तास. हात भरून आला की दुसऱ्या हातात घेतो. जेवण गार होतं, अभ्यास राहतो. मी दारात उभी राहून बघते, आणि ‘ठेव तो मोबाईल’ हे माझ्या तोंडून निघत नाही.

हे लिहिण्याआधी मी आक्कांना विचारलं. विचारायलाच हवं होतं. म्हणाल्या, ‘लिही. पण माझं नाव नगं. आईला इचार आन् तिचं घाल.’

विचारलं. घालते. शेवंताबाई.