आता तुम्ही फ्री

शाळेनं मला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला, तेव्हा हेडमास्तर माईकवर म्हणाले, "बाई आता फ्री झाल्या!" टाळ्या पडल्या. मीही वेड्यासारख्या वाजवल्या.

हा शब्द मला कळतो असा माझा समज होता. इंग्रजीच तर शिकवत होते! साबणावर वाटी फ्री, चहा शुगर-फ्री, ब्लाउज फ्री साईज, तालमीत कुस्ती फ्रीस्टाईल. फ्री पिरियड म्हणजे दुसऱ्याचा वर्ग सांभाळायचा, हेही अंगवळणी पडलेलं. पण बाई फ्री झाली म्हणजे काय, ते घरी बसल्यावर समजलं.

आजऱ्याहून धाकट्या नणंदेचा फोन आला. "वैनी, आता फ्री हायसा न्हवं? मग पापडाला आठ दिवस या की!" शेजारीण सिलिंडर घ्यायला सांगून गेली. मुलानं तर विचारलंही नाही. नातीला सकाळी आठला शाळेत सोडणं परस्पर माझ्याकडे आलं.

आमचे हे आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांना कुणी फ्री म्हणालं नाही. ते रिटायर्ड! सकाळी दोन तास पेपर वाचतात आणि फोडणीच्या आवाजाचाही त्यांना त्रास होतो.

मला गाडी शिकायची होती. दारात गाडी असून जन्मभर मी बाजूच्या सीटवर. बायकांची बॅच नेमकी आठची. आधी फी भरली, मग घरात सांगितलं.

"आई, या वयात? आणि पोरीला कोण सोडणार?" मुलगा म्हणाला. मी यांच्याकडे बघितलं.

"मला पेपर असतो की!"

"असू दे की," मी म्हणाले, आणि नातीचं दप्तर यांच्या मांडीवर, त्या पेपरवरच ठेवून बाहेर पडले.

गाडी किती वेळा बंद पाडली, विचारू नका. सगळं लक्ष शाळेच्या फाटकाशी. पोर रडली असेल, डबा राहिला असेल. क्लास संपल्यावर पळतच घरी आले. हे पेपर वाचत होते. नात वेळेवर पोचली होती, डब्यासकट. वेण्यासुद्धा यांनीच घातल्या म्हणे!

"लहानपणी बहिणीच्या मीच घालायचो की," हे म्हणाले.

मला बरं वाटायला हवं होतं. पण असा संताप आला! म्हणजे या माणसाला वेणी घालता येत होती. आमच्या लेकीच्या वेण्या घालता घालता दहा वर्षं मी शाळेत उशिरा पोचले, हेडमास्तरांची बोलणी खाल्ली, तेव्हाही येत होती.