मधले दोन दिवस

वसुबारसेला सकाळी साडेसातला बाबा गेले. मला ते नरकचतुर्दशीला दुपारी कळलं. मधले दोन दिवस मी पुण्यात होते, आणि मग गाडीत.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचं काम करत होते, अजूनही तेच करते. दिवाळीला भोपाळला जायचं तिकीट दोन महिने आधी काढलेलं असायचं, आणि सुटी लागायच्या आधीच्या आठवड्यात घरी रोज फोन व्हायचा. काय आणायचं, काय नाही. बाबांची मागणी ठरलेली असे: दिवाळी अंक. कारखान्यातली नोकरी लागली म्हणून ते अकोल्याहून भोपाळला आले, इंद्रपुरीत घर केलं, निवृत्तही तिथेच झाले. पण पस्तीस वर्षांत त्यांनी भोपाळला एका बाबतीत माफ केलं नाही. तिथे दिवाळी अंक दिवाळी उलटल्यावर येतात, आणि तेही निवडक. म्हणून मी पुण्याहून पाच अंक न्यायचे. कुठले पाच, हे ते नवरात्रापासून ठरवत असत आणि तीनदा बदलत.

वसुबारसेला संध्याकाळी मी अंक घ्यायला गेले होते. दुकानातून बाबांना फोन लावला. तो दादाने उचलला.

"बाबांचा फोन तुझ्याकडे कसा?"

"चार्जिंगला होता. ते भाजी आणायला गेलेत."

"आणि तू तुझं कोलार रोडचं घर सोडून तिकडे काय करतोयस?"

"अरे, दिवाळी आहे ना यार. साफसफाई. आईने पकडून आणलंय."

"बरं, बाबांना विचारून सांग, पाचवा अंक कुठला ते. सकाळी सांगणार होते."

मग फोनवर आई आली. मी पुन्हा तेच विचारलं.

"आण गं कुठलाही," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. मी विचारलं तर म्हणाली, सर्दी झालीय, जास्त बोलवत नाही. ये तू नीट. आल्यावर बोलू.

कुठलाही. आमच्या घरात अंकांच्या बाबतीत हा शब्द कुणी कधी वापरला नव्हता. दिवसभर मी दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका शोधते आणि त्याचे पैसे घेते. ती चूक माझ्या कानावरून गेली. मी पाचवा अंक माझ्या मनाने निवडला, पिशवी घेतली आणि खोलीवर आले. बाबांना दुपारी एकच्या आत पोचवून सगळे परत आलेले होते. मी फोन केला तेव्हा घरात माणसं बसलेली होती, आणि मला वाटलं टीव्ही चालू आहे.

धनत्रयोदशीला रात्री मी गाडीत बसले. समोरच्या बाकावर इटारसीला उतरणारं एक कुटुंब होतं. त्यांनी सकाळी डबा उघडला, मला शंकरपाळे दिले, मी त्यांना माझ्याकडची चिक्की दिली. अंक मी सहसा वाटेत उघडत नसे, कारण पहिलं पान बाबांनी उलटायचं असा त्यांचा हट्ट होता. या वेळी एक उघडला. वार्षिक राशिभविष्य काढलं. ते प्रकरण बाबा लक्ष्मीपूजनानंतर मोठ्याने वाचत, ज्योतिषाचा आवाज काढून, आणि प्रत्येकाला त्याच्या राशीवरून छळत. त्यांची कन्या रास. प्रकृतीच्या दृष्टीने वर्ष उत्तम, असं लिहिलं होतं. मी तिथे पेन्सिलीने खूण केली. भोपाळ यायच्या आधी गाडीच्या संडासात जाऊन नवा कुर्ता घातला.

स्टेशनवर बाबा नेहमी डब्यासमोर उभे असत. डबा कुठे लागतो हे त्यांना बरोबर माहीत असायचं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्या दिवशी दादा होता. डोक्यावर लोकरीची टोपी, कानापर्यंत ओढलेली.

"आल्या का पुणेकर," तो म्हणाला. दर वेळी हेच म्हणतो.

"बाबा?"

"घरी."

"आणि ही टोपी कसली? एवढी थंडी वाजते तुला?" मी हसले. "केस गळायला लागले का? चाळिशीच्या आत?"

"हो ना," तो म्हणाला. "चल."

मी टोपीचा गोंडा ओढायला हात पुढे केला. त्याने माझं मनगट धरलं, जरा जास्तच घट्ट, आणि दुसऱ्या हाताने बॅग उचलली. नंतर कळलं की तो सकाळी स्मशानातून अस्थी गोळा करून, अंघोळ करून सरळ स्टेशनवर आला होता.

मित्राची गाडी आणली होती. वाटेत त्याने एका ठिकाणी थांबवली आणि पोहे-जिलबी घेऊन आला. एकच प्लेट.

"तुला?"

"मी खाल्लंय. तू खा."

"घरी आईने काहीतरी केलं असेल ना. आज फराळाचा पहिला दिवस."

"खाऊन घे म्हणतोय ना. बाद में बात करते हैं."

मी खाल्लं. भूक लागली होती. जिलबी गरम होती, मी आणखी एक मागितली. तो काचेबाहेर बघत बसून राहिला, मी त्याला चिडवत राहिले, की लग्न झाल्यापासून तू म्हातारा झालास, वहिनीने तुला सरळ केलं. त्याने मला थांबवलं नाही. एकदा म्हणाला, "पाणी पी." पुढे कितीतरी दिवस मला दादाचा राग आला तो खोटं बोलल्याचा नव्हता, त्या पोह्यांचा होता. ती बातमी कळल्यावर मी जेवणार नाही म्हणून त्याने मला आधी भरवून घेतलं. त्याने हे मायेने केलं हे मला समजतं. त्याने काही फरक पडत नाही.

आमच्या गल्लीत आकाशकंदील फक्त आमच्याकडे लागायचा. तो नव्हता. दारात रांगोळी नव्हती, चपला होत्या. मी फाटकाशी पोचले तेवढ्यात शेजारच्या आंटी समोर आल्या. वीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या. त्यांनी मला छातीशी धरलं आणि रडायला लागल्या.

"बिटिया, पापा को आख़िरी बार देख भी नहीं पाई तू."

मला आधी वाक्य कळलं नाही. दादा मागून म्हणाला, "आंटी, रुकिए ना." मग कळलं.

आतल्या खोलीत पलंग काढून टाकला होता. त्या जागी जमिनीवर पणती तेवत होती, आणि भिंतीशी चटईवर आई बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. इंदूरहून मामा आला होता. घरात काहीही झालं की सूत्रं त्याच्याकडे जातात. तोच उठून पुढे आला.

"बस आधी. पाणी घे. आम्ही मुद्दामच सांगितलं नाही. एकटी मुलगी, पंधरा तासांचा प्रवास..."

"विमान होतं, मामा."

"त्या अवस्थेत तू विमानतळावर..."

"मी सत्तावीस वर्षांची आहे."

"वयाचं नाही गं. आणि तू रात्री पोचली असतीस. रात्री नेता येत नाही. म्हणजे दुसरा दिवस. ऐन धनत्रयोदशीला घरात ठेवायचं? गल्लीत सगळ्यांचा सण असतो."

"एक रात्र," मी म्हणाले.

"आता झालं ते झालं. डोक्यावरून पाणी घे."

त्या दिवशी सगळी दुनिया डोक्यावरून न्हात होती. मीही न्हाले. नवा कुर्ता बादलीत बुडवून ठेवला.

बाहेर आले तर मामा गुरुजींशी फोनवर बोलत होता. माझं सूतक कुठून धरायचं, ऐकलं त्या दिवसापासून, की घडलं त्या दिवसापासून? गुरुजींनी सांगितलं, दहा दिवसांच्या आत कळलं, म्हणजे उरलेले दिवसच पाळायचे. मामाने फोन ठेवून मला तसं सांगितलं, जणू काही सवलत मिळवून दिली. मी शंकरपाळे खाल्ले, चिक्की वाटली, जिलबी मागून घेतली. त्या दोन दिवसांचा हिशेब शास्त्राला नको होता.

दहा दिवस घरात करण्यासारखं काही नसतं. पाचही दिवाळी अंक मामाने वाचून काढले. शब्दकोडी सोडवली. एकदा तो "कन्या राशीवर ही खूण कुणी..." असं म्हणून मध्येच थांबला, आणि अंक उशीखाली सरकवला.

हे सगळं लिहिताना मला एक सोयीस्कर गोष्ट वगळता आली असती. ती वगळत नाही. आमच्या घरात लांबच्या माणसाला वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. 'तब्येत जरा बरी नाही, येऊन जा' एवढंच सांगायचं, बाकी आल्यावर. ही रीत बाबांचीच होती, आणि ते त्यात वाकबगार होते. मी बारा वर्षांची असताना आजोबा आमच्याकडे वारले. आत्या नागपूरला होती. सकाळी तिचा फोन आला तेव्हा बाबा दवाखान्यातले कागद घेऊन बसले होते. त्यांनी मला खुणेने बोलावलं, माझ्या हातात फोन दिला आणि हळूच सांगितलं, काय म्हणायचं ते.

"आजोबा झोपलेत, आत्या," मी म्हणाले. "डॉक्टरांनी उठवू नका म्हटलंय. तू ये ना भेटायला."

"त्यांच्यासाठी संत्री आणू का गं?"

"आण," मी म्हणाले. तेवढं मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

आत्या संत्र्यांची पिशवी घेऊन रिक्षातून उतरली. पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मला आत पाठवलं होतं. बाबा नंतर म्हणाले, "शहाणी आहेस. किती व्यवस्थित बोललीस." मला त्याचा आनंद झाला होता. आत्या पुढे आमच्याकडे फारशी आली नाही. मोठी माणसं म्हणत, तिचा स्वभावच तसा.

तेराव्यानंतर माणसं पांगली. मामा इंदूरला गेला. आई आणि मी दोघीच उरलो तेव्हा दुपारी भांडी आवरताना मी तिला विचारलं, "मला सांगायचं नाही, हे कुणी ठरवलं? मामाने?"

"मामा अकराला पोचला."

"मग दादाने?"

"तो तुलाच फोन लावत होता. आठ वाजायच्या आत." आई हातातलं पातेलं पुसत राहिली. "मी त्याच्या हातातून काढून घेतला."

"का?"

"काय का?"

"आई, का?"

तिने पातेलं उलटं करून तळ पुसायला घेतला. मला वाटत होतं ती म्हणेल, तुझ्या काळजीने. मी त्या उत्तराची तयारी केली होती, त्यावर काय बोलायचं ते दहा दिवस ठरवत होते.

"मला तुझं रडणं ऐकायचं नव्हतं," ती म्हणाली. "तेव्हा नाही. माझ्याच्याने झालं नसतं. तू आल्यावर रडलीस तर निदान मी जवळ असेन, असं वाटलं."

"मी आले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस."

"नाही बघवलं."

"तू मला त्यांचं तोंड बघू दिलं नाहीस, आई."

"हो," ती म्हणाली. "माहितीये मला." आणि पातेलं जागेवर ठेवून आत गेली.

तिने माफी मागितली असती तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. तिने मागितली नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही. आत्याला मात्र मी त्या आठवड्यात फोन केला. बाबा गेल्याचं तिला इतरांकडून कळलं होतं. मी तिच्याशी संत्र्यांबद्दल बोलले. ती म्हणाली, "तू लहान होतीस गं." मग म्हणाली, "पण मला तुझा आवाज आठवतो."

त्यानंतर चार दिवाळ्या झाल्या. मी दर दिवाळीला जाते. गेल्या वर्षी निघायच्या तीन आठवडे आधीपासून आई व्हिडिओ कॉलवर सतत शाल पांघरून बसायची. ऑक्टोबरात भोपाळमध्ये एवढी थंडी नसते. मी दादाला विचारलं, तो म्हणाला, "सब ठीक है, टेन्शन मत ले." मी शेजारच्या आंटींना फोन केला. आई मोरीत पडली होती, उजव्या हाताला प्लास्टर होतं. मी त्याच रात्री निघाले. दारात मला पाहून आई म्हणाली, "कुणी सांगितलं तुला? तू येणारच होतीस ना दिवाळीला. आल्यावर बोललोच असतो की."

मी तिच्यासाठी भात केला. तिला डाव्या हाताने जेवता येत नव्हतं, म्हणून भरवला. आम्ही दोघी त्या विषयावर भांडलो नाही. प्लास्टर निघेपर्यंत मी तिथे राहिले आणि परत आले.

आता इंद्रपुरीच्या घरात आई एकटी असते. दादा कोलार रोडवरून रोज एकदा येऊन जातो. मी रोज रात्री आठला आईला फोन करते आणि त्यानंतर शेजारच्या आंटींना करते. आईवर माझं प्रेम आहे. तिच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही.