खलात घोटलेला समुद्र

ग्राफ पाहून मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. अरबी समुद्राच्या तळाशी हजारो वर्षांपासून वाहणारा एक प्रवाह मध्येच काही काळ बंद पडला होता. पुढे जसा बंद पडला तसाच एकदम सुरूही झाला होता.

"मॅडम, असं आजवर कोणालेच सापडलं नाही," प्रणाली म्हणाली. ही नरखेडकडची, पीएचडी करणारी मुलगी. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत तिची नोकरीसाठी निवड झाली होती. अट एकच, महिनाअखेरीपर्यंत थिसिस सबमिट व्हायला हवा. तिचे गाइड बोंद्रे सर पेपरचं शीर्षकही ठरवून आले होते. मोजमाप माझ्या लॅबचं, म्हणून रिपोर्टवर माझी सही हवी होती.

नागपुरात बसून समुद्र काय मोजता, असं मला लग्नकार्यातसुद्धा विचारतात. जहाजावरून समुद्राच्या तळात लांब पाइप घुसवतात आणि गाळाचा उभा दांडा काढतात. तो कोअर. जितकं खाली जाल, तितका गाळ जुना. खाप्याला कन्हान नदीच्या पात्रात उतरून पाहा. धार जोराची तिथे जाड रेती, पाणी संथ तिथे मऊ गाळ. समुद्राच्या तळाशीही तेच. जोराचा प्रवाह बारीक कण पुढे नेतो, जरा जाड असतात ते मागे राहतात. चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचा भरवसा नाही. म्हणून त्यांच्याहून जाड आणि रेतीहून बारीक असा सिल्ट आम्ही लेझरच्या मशीनवर मोजतो. कण जाड तर प्रवाह जोरात, बारीक तर मंद.

पण समुद्र बटण दाबल्यासारखा बंद-चालू होत नाही. मी मुळात संशयी बाई. "सही नंतर करते, आधी उरलेला गाळ आण," मी म्हटलं.

गाळ मायक्रोस्कोपखाली ठेवला. समुद्राच्या गाळात फोरॅम नावाच्या सूक्ष्म जिवांची कवचं असतात. मशीनवर मोजण्याआधी आम्ही ती ॲसिडने काढतो, पण या उरलेल्या गाळात ती असायलाच हवीत. वरच्या थरात होती, खालच्या थरातही होती. मधल्या थरात एकही अख्खं कवच नव्हतं, सगळा चुरा. क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या कणांच्या कडाही ताज्या फुटलेल्या. हा गाळ कोणीतरी कुटला होता.

"प्रणाली, मधले सॅम्पल कोणी कुटले?"

"काहून कुटतील, मॅडम? ते तर पाण्यात भिजवून सोडवाचे असतात." मग तिला आठवलं. "ते मी नाही केले. बहिणीच्या लग्नाले गेली होती ना मी. आली तेव्हा तयारच होते."

"ते मी केले," मागून बोंद्रे सर म्हणाले. "वाळून ढेकळं झाली होती. पोरगी एकटी किती करन? मी सोता खलात घोटले. दोनशे मेशच्या बारीक चाळणीतून पार गेले सगळे."

हे ते अभिमानाने सांगत होते. सरांचं अख्खं आयुष्य मँगनीजच्या दगडांत गेलं. त्यांच्याकडे कुठलाही सॅम्पल आला की आधी मैद्यासारखा दळतात, मग त्यात कोणतं मूलद्रव्य किती ते काढतात. तिथे कणाच्या आकाराशी कोणाला देणंघेणं नसतं. इथे आकार हीच सगळी माहिती होती; घोटून कण बारीक झाले आणि ग्राफवर प्रवाह बंद पडलेला दिसला. बोलता बोलता ते सरांच्याही लक्षात आलं. ते हळूच स्टुलावर बसले. मी सहीसाठी आलेला रिपोर्ट बाजूला सारला.

"काही बोल ना गं," सर प्रणालीला म्हणाले.

"काय बोलू, सर? माझ्यासाठीच तर केलं तुम्ही."

ती बीकर धुवायला निघून गेली. बेसिनचा नळ बराच वेळ चालू होता.

कोअर उभा चिरतात. एक अर्धा भाग कामाला वापरतात, दुसरा कोल्ड स्टोरेजमध्ये राखून ठेवतात. त्याला सहसा कोणी हात लावू देत नाही. सरांनी माझ्यासमोर कोअर राखणाऱ्या संस्थेत फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "सॅम्पल मी खराब केले. विद्यार्थिनीचा दोष नाही." राखलेल्या भागातून नवे सॅम्पल घ्यायची परवानगी मिळाली, पण अर्ज, कमिटी, मंजुरी यांत महिने गेले. तोवर ती नोकरी दुसऱ्याला मिळाली.

नवे सॅम्पल प्रणालीने स्वतः पाण्यात सोडवले. मधल्या थरातला सिल्ट इतर थरांपेक्षा जाड निघाला. प्रवाह बंद पडलाच नव्हता. उलट त्याच काळात तो सगळ्यात जोरात वाहत होता. आम्ही जगाला नेमकं उलटं सांगणार होतो, आणि खाली माझी सही असती.

थिसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात सरांनी एक वाक्य घालायला लावलं: मधले नमुने मार्गदर्शकाने दळल्यामुळे रद्द केले. परीक्षक म्हणाले, याची गरज नाही. सर म्हणाले, आहे.

प्रणालीला पदवी मिळाली, नोकरी अजून शोधते आहे. मी एवढंच शिकले की सॅम्पल दुष्मनापासून जपायची वेळ फारशी येत नाही. जपावा लागतो तो आपल्यावर माया करणाऱ्यांपासून, आणि त्यांना नाही म्हणणं फार अवघड जातं.