घाबरला म्हणायचं नाही

यशवंतभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा दुबईत आमच्या अल मनखूलच्या घरात टीव्हीवर कबड्डी चालू होती आणि सगळे एकमेकांवर आवाज चढवून बोलत होते. लीगचा नवा सीझन नुकताच सुरू झाला होता. आपली टीम यंदा शेवटच्या सहांत जाणार की महिन्याभरात गाशा गुंडाळणार, हा वाद दरवर्षीप्रमाणे दुसऱ्याच मॅचला पेटला होता. विनयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फोनवरचं नाव बघितलं, ‘सुलभावहिनींचा आहे’ म्हणाला आणि गॅलरीत गेला. परत आला तेव्हा त्याने आधी टीव्हीचा आवाज बंद केला. ‘यशवंत गेला,’ म्हणाला. ‘दुपारी जेवून पडला होता... उठलाच नाही.’ पडद्यावर चढाया चालूच होत्या, कुणाची तरी पकड झाली, प्रेक्षक उभे राहिले. मंगेश, जो देऱ्यातल्या कार्गो ऑफिसमधून थेट आमच्याकडे येतो आणि एरवी श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही, तो हातातला चहा तसाच धरून बसला होता.

यशवंतभाऊजी विनयचे गाववाले, गुहागरकडचे; त्यांच्या बायको, सुलभावहिनी, गावीच असायच्या. हमरिया फ्री झोनमधल्या, टाक्या बनवणाऱ्या एका यार्डात पेंटिंगचे फोरमन होते. माझं लग्न होऊन मी दुबईत आले तेव्हा पहिल्या आठवड्यात जो माणूस घरी जेवायला आला तो हा. जेवण झाल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘वहिनी, तुमचं कबड्डीबद्दल काय मत आहे?’ नव्या सुनेला विचारायचा हा काय प्रश्न! मी म्हटलं, माझं काही मत नाही. ‘हरकत नाही, होईल,’ ते म्हणाले, आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक सुट्टीच्या दिवशी ते माझं मत तयार करायला येत राहिले. तरुणपणी ते गावच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळायचे. घोटा पकडणं ही त्यांची खासियत होती म्हणे. आम्ही काही ते पाहिलं नाही, पण विनय शपथेवर सांगतो. लीग टीव्हीवर दिसायला लागली तेव्हापासून मॅच आमच्याकडेच बघायची असं कसं ठरलं, मला आठवत नाही. मला कुणी विचारलं नव्हतं एवढं मात्र नक्की. इथल्या घड्याळाप्रमाणे मॅच संध्याकाळी सहाला सुरू होते, म्हणजे नेमकी चहाची वेळ. तेव्हा भज्यांचं पीठ भिजवून ठेवणं माझ्या नशिबी आलं.

मॅच बघायचे कमी आणि भांडायचे जास्त. सीझनच्या सुरुवातीला तर उधाण असायचं, कारण अजून काहीच सिद्ध झालेलं नसतं आणि प्रत्येकाला आपलं भाकीत खरं वाटत असतं. कर्णधार म्हातारा झालाय, उजवा कोपरा पोकळ आहे, कोचला काही कळत नाही... मला वाटायचं, या लोकांना ऑफिसात कुणी बोलू देत नसेल. पण एक गोष्ट यशवंतभाऊजी चालवून घेत नसत. खेळाडूला नालायक म्हणा, आळशी म्हणा, ‘घाबरला’ म्हणायचं नाही. ‘इथं सोफ्यावर बसून भजी खाणाऱ्याने समोर सात गडी उभे असलेल्याला भित्रा म्हणायचं?’ असं म्हणून त्यांनी आमच्या हॉलसाठी एक कायदाच केला होता. जो कुणाला भित्रा म्हणेल त्याने उठायचं, टीव्हीपासून निघून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचं, दाराला हात लावायचा आणि एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ करत परत यायचं. बाकीच्यांनी गालिच्यावर उभं राहून त्याला धरायचं. सुटून आला तर त्याचं म्हणणं खरं. आजपर्यंत कुणी सुटून आलेलं नाही, कारण यशवंतभाऊजी खाली बसून घोटा धरायचे. मंगेशने त्या कायद्यापायी दोन पँटी फाडून घेतल्या. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाई एकदा तणतणत वर आल्या, तर यशवंतभाऊजींनी त्यांना आपल्या अगाध हिंदीत सगळे नियम समजावून सांगितले. बाई भज्यांची बशी घेऊन खाली गेल्या. आमची रेवा लहानपणापासून हे सगळं बघत मोठी झाली. ती इंग्रजीत ओरडायची, ‘काका, दॅट्स चीटिंग, यू कान्ट सिट!’ आणि ते मराठीत उत्तर द्यायचे, ‘बाळा, कोपऱ्यातला माणूस बसणारच.’

त्यांचं एक लाडकं मत होतं. लोकांना चार जणांच्या अंगावरून उडी मारणारा गडी शूर वाटतो. ते म्हणायचे, आत शिरणं सोपं आहे, गर्दीच तुम्हाला ओढून घेते. खरं काळीज लागतं ते किती आत जायचं आणि कुठे वळायचं हे ठरवायला. मोकळ्या हाताने परत आलेला गडी त्यांना कधी खटकला नाही. ‘परत आला ना? मग अजून खेळात आहे.’ मंगेशला हे अजिबात पटायचं नाही. तो म्हणायचा, ‘यशादादा, असं बघितलं तर सगळेच शूर! मग हरतो कशाला आपण?’

गेल्या वर्षीच्या सीझनची ही गोष्ट. पहिल्याच आठवड्यातली. आपल्या टीमचा डावखुरा चढाईपटू खांद्याच्या दुखापतीतून परत आला होता आणि सगळी भिस्त त्याच्यावर होती. शेवटची काही मिनिटं उरली होती. आपल्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, म्हणजे तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाही तर गडी बाद. हा डावखुरा गेला आणि मध्यरेषेजवळच घुटमळत राहिला. एकदा पाय पुढे टाकला, मागे घेतला. वेळ संपला आणि तो कुणाचा हातही न लागता बाद झाला. मंगेशने तोंड उघडलं होतं, पण त्याच्या आधी यशवंतभाऊजी बोलले. ‘घाबरला,’ ते म्हणाले. ‘सरळ घाबरला तो.’

क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही. मग मंगेशने सोफ्यावरून उडीच मारली. ‘दादा! तुम्ही! यल्ला, उठा, चढाई!’ इतक्या वर्षांचा सूड होता तो. परतताना धरायला सगळे त्यांच्या मागे गालिच्यावर उभे राहिले, विनयसुद्धा पॅन्ट दुमडून सज्ज झाला. मी झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, त्यामुळे ते माझ्याच दिशेने येत होते आणि त्यांचा चेहरा फक्त मला दिसत होता. त्यांनी सुरुवात झोकात केली. दोन पावलांत आवाज बारीक झाला. गालिच्याच्या मध्यावर आले आणि दम गेला. कुणी त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. मागून सगळे हसत होते, त्यांना वाटलं नाटक करतायत. मला त्यांचे ओठ दिसले. निळसर पडले होते. कसेबसे पुढे येऊन त्यांनी दाराची चौकट धरली, मागे वळून हात वर केला आणि म्हणाले, ‘खलास. बाद झालो.’ मग पाणी प्यायचं निमित्त करून आत आले.

मी गॅस बंद केला आणि स्टूल पुढे ओढलं. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मग त्यांनी सांगितलं की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलंय. बरं होणारं दुखणं नाही. औषधांनी फार तर सावकाश पुढे जाईल. इथे घ्या किंवा गावी घ्या, औषध तेच. ‘कुणाला सांगू नका, वहिनी. एवढा सीझन बघतो, मग बघू.’ मी विचारलं, घरी का जात नाही? ते हसले. म्हणाले, ‘जाऊन करू काय? मी तिकडे पाहुणा असतो. महिनाभर माझ्या आवडीचं करतात, मग बॅग भरतात. सुलभाला माझी सवय नाही हो... मलाही तिची नाही. आता खोकणारा माणूस नेऊन तिच्या गळ्यात बांधायचा? मला नाही धीर होत.’

त्यांना मरणाची भीती होती असं मला वाटलं नाही. या माणसाला आपल्या बायकोबरोबर एका घरात राहायची भीती वाटत होती. मला खरं सांगायचं तर राग आला. अख्खं आयुष्य यार्डात दुसऱ्यांच्या टाक्या रंगवत काढायचं आणि स्वतःच्या घरी जायची वेळ आली की घुटमळायचं! मी म्हटलं, ‘भाऊजी, मघाशी त्या डावखुऱ्याला बोललात ना, ते त्याला नाही, स्वतःलाच बोललात.’ त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. मी म्हटलं, ‘आणि मी हे मनात ठेवणार नाही. पोटात काही राहत नाही माझ्या, तुम्हाला माहीत आहे. सवय लागायला माणूस समोर असावा लागतो. आणि परत आलेल्या गड्याला भित्रा म्हणू नका, असं आम्हाला कोण शिकवतं?’ त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. ‘माझंच मला शिकवताय,’ म्हणाले.

मी विनयला सांगितलं, विनयने मंगेशला. पुढच्या काही मॅचना आमच्याकडे टीमपेक्षा यशवंतभाऊजींवरच जास्त चर्चा झाली, त्यांच्या समोर, त्यांना न विचारता. मंगेश जाऊ नका म्हणत होता. ‘दादा, इथे हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे. तिकडे डॉक्टरकडे जायला एक तास गाडी. डोकं आहे का?’ विनय दोन्ही बाजूंनी मान हलवत होता. मी माझं म्हणणं सोडलं नाही. शेवटी एका रविवारी ते म्हणाले, ‘तिकीट काढलं.’ एवढंच. एअरपोर्टवर आम्ही सगळे गेलो होतो. मंगेश रडत होता आणि वर त्यांनाच धीर देत होता. यशवंतभाऊजी मला म्हणाले, ‘वहिनी, नाही जमलं तर परत येईन हं.’ मी म्हटलं, ‘या की. भज्यांचं पीठ भिजवून ठेवते.’ व्हिसा रद्द झाला होता, हे दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर त्यांचे फोन यायचे, पण थोडकेच. बोलताना धाप लागायची, म्हणून विनयच बोलायचा आणि ते हूं हूं करायचे. घरी कसं चाललंय हे मी विचारलं की ‘चाललंय’ म्हणायचे. या एका शब्दावरून काय समजायचं माणसाने? ... आणि मग तो फोन आला. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मंगेश दारात रेंगाळला. ‘वहिनी, इथे असते तर...’ म्हणाला आणि लिफ्टकडे गेला. त्याने मला दोष दिला नव्हता, पण ते वाक्य माझ्या मनातून हलेना. मी एका आजारी माणसाला हॉस्पिटलपासून लांब पाठवलं होतं, ज्या घराला त्याची सवय नव्हती तिथे. भाजी चिरताना, मेट्रोत, ऑफिसात मला तेच दिसायचं. त्यांनी ते महिने परक्यासारखे एका खोलीत काढले असतील तर? सुलभावहिनींना विचारायचा मला धीर होत नव्हता. त्यांना मी एकदाच भेटले होते, डोक्यावरचा पदर सावरत माझ्या प्रत्येक वाक्याला ‘हो ताई’ म्हणणारी बाई.

परवा त्यांचाच फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, हात पिठाचे. इकडचं तिकडचं झालं, दिवसकार्य नीट पार पडलं, कोण कोण येऊन गेलं. मग मध्येच त्यांनी विचारलं, ‘ताई, कालची मॅच बघितलीत का?’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘तुम्ही बघता?’

‘बघते म्हणजे काय! ह्यांनी आल्या आल्या टीव्हीसमोर बसवलं. मला म्हणाले, तुझं कबड्डीबद्दल काय मत आहे? मी म्हटलं, मला कशाला मत? पण मग झालं ना मत. तो तुमचा डावखुरा आहे ना, हे म्हणायचे त्याच्यात धाडस आहे. मी म्हणते, धाडस नाही, घाई आहे. खांदा धरतो आणि उगीच आत शिरतो. यावरून आमचं असं वाजायचं ताई, की सासूबाई आतून ओरडायच्या. एकदा तर मी दोन दिवस बोलले नाही. मग हेच भाकरीचं ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसले, आणि बसल्या बसल्या परत तोच विषय!’ त्या हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘इतकी वर्षं लग्नाला झाली, पण आम्हाला समोरासमोर बसून भांडायला कधी मिळालंच नव्हतं. या वर्षी मिळालं.’

मी ओट्याला टेकून खाली बसले, पिठाचे हात तसेच. मला रडू आलं होतं आणि ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी गाडी सरळ मुद्द्यावर आणली.

‘मी फोन एवढ्यासाठी केला ताई, की भावजींना जरा विचारून सांगा, रविवारच्या मॅचला तो डावखुरा खेळणार आहे का?’

मी हॉलच्या दिशेने ओरडून विनयला विचारलं. खेळणार होता. तसं मी त्यांना सांगितलं.

‘मग बघते,’ सुलभावहिनी म्हणाल्या, ‘काय दिवे लावतो ते.’