पोप्राडच्या पलीकडची वेरोना

क्लेमेन्स माझ्या आईचा धाकटा भाऊ. रेल्वेत गँगमन होता. पोप्राड नदीच्या काठाने जाणारे रूळ तपासत फिरायचं हे त्याचं काम. ऑक्टोबरात बीचच्या झाडांची पानं तांबूस झाली की काम सुटल्यावर तो गळ घेऊन पाण्यात उतरायचा. शरदात ग्रेलिंग मासा अंगाने भरतो, त्याच्या पाठीवरचा शिडासारखा पर उन्हात जांभळा दिसतो. ट्राउट लागला तर मात्र सोडून द्यायचा; त्याचे अंडी घालायचे दिवस असतात.

नदीच्या मधोमध आमची हद्द संपायची. अर्ध्या पाण्यापर्यंत पोलंड, पुढे चेकोस्लोव्हाकिया. मामा एकदा मध्याच्या अलीकडे उभा राहून गळाला आमिष म्हणून लावलेली पिसांची बनावट माशी पाण्यावर टाकत होता, तेवढ्यात पलीकडून बाईचा आवाज आला.

"अहो, मासे धरताय की कपडे धुताय?"

भाषा स्लोव्हाक, पण आमच्या पोलिशच्या सख्ख्या बहिणीसारखी. मामाला सगळं कळलं. म्हणाला, "दोन ट्राउट लागले आत्ताच!"

"लागतील नाहीतर काय! एवढी मोठी माशी ग्रेलिंगच्या तोंडात मावते का? थांबा, देते एक."

तिने आपल्या दोरीच्या टोकाला तित्तराच्या पिसाची इवलीशी माशी बांधली, काठी दोनदा हवेत फिरवली आणि दोरी बरोबर मामाच्या छातीपाशी आणून टाकली. मामाने माशी सोडवून घेतली आणि तिच्या जागी आपली एक बांधली. ती वेरोना. बापाचे गुडघे गेले म्हणून त्याची गळाची काठी घेऊन येणारी.

पुढचे काही शरद असेच गेले. 'अहो'चं 'अरे' झालं. तिची मेंढरं, त्याचा खडूस मुकादम, कोणाकडे प्लमची दारू चांगली उतरली, सगळं ओरडून सांगायचं. आजी मुली बघत होती. मामा प्रत्येकीत काहीतरी खोट काढायचा.

मग एका संध्याकाळी सीमेवरच्या पहारेकऱ्याने नदीवरून गेलेली ती दोरी पाहिली.

"पलीकडून काय घेतलंस?"

"माशी."

"माशी?" पहारेकरी हसला, पण मामाचा मासेमारीचा परवाना गेला. किनाऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही, ठेवलंस तर नोकरीही जाईल, अशी ताकीद मिळाली.

रुळांवरून ती दिसायची. आपल्या जागी उभी, गळ टाकायची, मध्येच इकडचा किनारा न्याहाळायची. रेल्वेच्या डगल्यात सगळे गँगमन सारखेच दिसतात. तिने त्याला ओळखलं नाही. हाक मारावी तर पहारेकरी ऐकणार. मामा हातोडा खांद्यावर घेऊन पुढे चालू लागायचा. दोन शरद ती आली. तिसऱ्या वर्षी नाही आली.

मामाने लग्न केलं नाही. सीमा उघडली, पादचारी पूल झाला, तोवर त्याला पेन्शन लागली होती. पूल झाला त्याच आठवड्यात तो पलीकडे गेला. वेरोनाच्या भावाने दार उघडलं.

"ती कोशित्सेला असते. नवरा ट्राम चालवायचा, वारला. मृतांच्या सणाला आईबापाच्या कबरीवर येते."

सणाच्या दिवशी मामाने सकाळीच आजीच्या कबरीवर दिवे लावले आणि शेवंती घेऊन पलीकडे गेला. वेरोना गुडघे टेकून दगड पुसत होती. तिने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"एवढाच आहेस होय रे! कमरेइतक्या पाण्यात बघितलेला, मला वाटलं खाली बराच असशील."

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच किनाऱ्यावर गळ टाकायला उभे राहिले. ओरडायची गरज नव्हती आणि बोलायला काही सुचेना. शेवटी तिनेच विचारलं, "यायचा का थांबलास? मला वाटलं, लग्न केलंस."

मामाने पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली. रुळांवरून तिला बघायचो, हेही सांगितलं.

ती पाण्याकडे बघत राहिली. "निरोप पाठवायचास."

"कोणाबरोबर?"

तिच्या गळाला ग्रेलिंग लागला. तिने तो ओल्या हातांनी धरून मामाच्या नाकाशी नेला. ताज्या ग्रेलिंगला येतो तो रानओव्याचा मंद वास. मग पाण्यात सोडून दिला. चारची बस होती. नातवंडं वाट बघत असतील, म्हणाली.

"पुढच्या शरदात येशील?"

"गुडघे येऊ देतील तर."

पुढच्या वर्षी तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती भावाच्या गाडीतून येते, कबरीपर्यंतच; नदीची उतरण तिला झेपत नाही. मामा ऑक्टोबरभर तिकडच्याच किनाऱ्यावर, तिच्या जागी उभा असतो. आई कुरकुरते, सूप निवतं म्हणून. मी पुलावरून हाक मारते, "मामा, चल ना आता!"

"आलोच," तो म्हणतो, आणि पुन्हा दोरी टाकतो.